मांजराला जन्मभर स्टेरॉइड द्यायचं का?

जुनाट खोकला, महिनोन्‌महिने चाललेल्या उलट्या, खाजवून रक्ताळलेली मान, तोंडातल्या सुजेमुळे टाकलेलं जेवण. मांजराच्या या अगदी वेगवेगळ्या तक्रारींवर पशुवैद्य पुष्कळदा एकच औषध लिहून देतात, प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड. गुणही लवकर येतो. आठवडाभरात मांजर वाटी चाटूनपुसून खायला लागतं, पुन्हा खिडकीत चढून बसतं. आणि मग पुढच्या भेटीत डॉक्टर सांगतात की ही गोळी कमीअधिक प्रमाणात कायम द्यावी लागेल.

इथे बहुतेकांच्या पोटात धस्स होतं. स्टेरॉइड म्हणजे ठिसूळ हाडं, मधुमेह, सुजलेला चेहरा, असं आपण माणसांच्या बाबतीत ऐकत आलेलो असतो. काही जण घाबरून गोळी परस्पर बंद करतात. काही जण वर्षानुवर्षं तोच डोस देत राहतात आणि मधे एकदाही रक्त तपासून घेत नाहीत. माझं मत असं आहे की गोळीच्या नावाला घाबरण्यात फारसा अर्थ नाही. घाबरावं ते निदान न करता सुरू केलेल्या स्टेरॉइडला, आठवडेच्या आठवडे अंगात राहणाऱ्या इंजेक्शनला, एका दिवसात बंद केलेल्या गोळीला आणि कुणाचंच लक्ष नसलेल्या डोसला.

## हे औषध करतं काय

मूत्रपिंडांच्या वरच्या बाजूला दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. रक्तातली साखर, रक्तदाब, ताण सोसण्याची ताकद या सगळ्यांत कॉर्टिसॉलचा हात असतो. दाह आटोक्यात ठेवण्याचं कामही त्याचंच. जखम झाली किंवा जंतू शिरले की त्या जागी जी लाली, सूज आणि वेदना येते, तिला दाह म्हणतात. तो एरवी उपयोगाचा असतो. पण दम्यात किंवा आतड्याच्या जुनाट विकारात तो कारण संपलं तरी थांबत नाही आणि मग स्वतःच आजार होऊन बसतो.

प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलवरून बेतलेलं औषध आहे आणि दाह शमवण्यात कॉर्टिसॉलच्या साधारण चौपट जोरदार आहे. व्यायामशाळांमध्ये स्नायू वाढवण्यासाठी गैरमार्गाने घेतली जाणारी स्टेरॉइड वेगळी. त्यांचा इथे काही संबंध नाही.

या औषधाची कीर्ती आणि बदनामी जवळपास एकाच वेळी सुरू झाली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलच्याच जातीतलं स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना या संशोधनासाठी नोबेल मिळालं. तोवर दुष्परिणामही दिसू लागले होते, आणि औषध थांबवलं की आजार परत येतो हेही. स्टेरॉइड दाह दाबतं, त्याचं मूळ उपटत नाही. ‘कायम’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी येतो तो यामुळे.

## मांजराचं गणित वेगळं

कुत्र्याच्या तुलनेत मांजराच्या पेशींमध्ये स्टेरॉइडला प्रतिसाद देणारी स्थानं कमी असतात. त्यामुळे तेवढ्याच परिणामासाठी मांजराला वजनाच्या मानाने जास्त औषध लागतं, आणि ते त्याला सोसतंही. दाह कमी करण्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम, आणि प्रतिकारशक्तीच दाबायची असेल तर २ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, असा डोस सुरुवातीला दिला जातो. माणसाच्या हिशेबाने हे आकडे छाती दडपवणारे वाटतात. पण ते मांजराचे आकडे आहेत, माणसाच्या चष्म्यातून वाचायचे नाहीत.

आणखी एक फरक औषधाच्या नावातच आहे. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही दोन वेगळी औषधं आहेत. प्रेडनिसोनचं यकृतात प्रेडनिसोलोन झाल्याशिवाय ते काम करत नाही, आणि मांजराला हे रूपांतर नीट जमत नाही. म्हणून मांजरासाठी प्रेडनिसोलोनच हवं. पाकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरं दिलं, तर मांजराला औषध पुरेसं पोचणार नाही आणि दोष मात्र उपचाराला लागेल.

स्टेरॉइडवरचा कुत्रा घटाघटा पाणी पितो आणि सारखी लघवी करतो. मांजरात हे तितकंसं होत नाही. म्हणूनच स्टेरॉइडवर असलेलं मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागलं, तर ‘औषधामुळे असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथे पहिला संशय मधुमेहाचा.

## मधुमेहाची भीती किती खरी

ती खरी आहे, आणि सगळ्या दुष्परिणामांत मांजरांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा. स्टेरॉइड यकृताला जास्त साखर तयार करायला लावतं आणि इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतं. स्वादुपिंडाला मग जास्त इन्सुलिन सोडावं लागतं, आणि ते थकलं की रक्तातली साखर चढत जाते. लठ्ठ, वयस्क, नसबंदी झालेल्या बोक्यांत हा धोका जास्त असतो.

तरीही स्टेरॉइड घेणाऱ्या बहुतेक मांजरांना मधुमेह होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात तो लवकर पकडला, इन्सुलिन लगेच सुरू केलं आणि स्टेरॉइड कमी किंवा बंद करता आलं, तर अनेकदा तो मागे हटतो आणि इन्सुलिनही सुटतं. ही संधी सुरुवातीच्या काळातच असते. साखर महिनोन्‌महिने चढलेली राहिली की ती निसटते.

लक्ष ठेवणं घरूनच सुरू होतं. पाण्याची वाटी मोजून भरा आणि उरलेलं मोजा. लघवीच्या वाळूतले गोळे मोठे किंवा जास्त झाले आहेत का, ते पाहा. दवाखान्यात तपासताना एक अडचण येते. नुसत्या घाबरण्यानेही मांजराची रक्तशर्करा बरीच चढते, त्यामुळे एका चाचणीवरून काही ठरवता येत नाही. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी करतात. गेल्या दोनेक आठवड्यांत साखर सरासरीने कशी होती हे तिच्यावरून कळतं, त्या दिवशीच्या घाबरण्याने ती बदलत नाही. लघवीतली साखर घरीही पट्टीवर पाहता येते.

## आणखी काय बिघडू शकतं

शरीराचं पहारा देणं सैल पडतं. मांजराच्या अंगात आधीच दडलेला हर्पीस विषाणू डोकं वर काढू शकतो, मग शिंका आणि डोळ्यांतून पाणी. लघवीचा संसर्ग फारशी लक्षणं न दाखवता होऊ शकतो. दीर्घ उपचार सुरू करण्यापूर्वी मांजरांमधल्या रक्तकर्करोगाच्या आणि प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या, अशा दोन्ही विषाणूंची चाचणी झालेली बरी. कच्चं मांस या काळात देऊ नये.

भूक वाढते, वजन वाढतं. इथे एक फसगत आहे. कधी काट्यावरचं वजन तेवढंच राहतं, पण पाठीवरचे आणि मागच्या पायांवरचे स्नायू झिजतात आणि पोट लोंबतं. म्हणून वजनाबरोबर पाठीच्या कण्यावरून हात फिरवायची सवय ठेवा. मणके बोटांना टोचू लागले असतील तर वजनाचा आकडा काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगा. फार काळ मोठ्या डोसवर असलेल्या काही थोड्या मांजरांची त्वचा कागदासारखी पातळ होऊन सहज फाटते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर गंभीर असतं.

हृदयाचं काय, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो आणि वरून काही दिसत नाही. स्टेरॉइडमुळे, त्यातही दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनमुळे, रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढून असं हृदय अचानक कोलमडल्याची उदाहरणं पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या वर जात असतील, तर ती वाट पाहण्याची गोष्ट नाही.

एक नियम मात्र कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही. स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं द्यायची नाहीत. दोन्ही मिळून जठरात आणि आतड्यात व्रण पडतात, रक्तस्राव होऊ शकतो. एकावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर मधे काही दिवस रिकामे सोडावे लागतात, आणि ते किती हे डॉक्टर ठरवतात. पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नाही, स्टेरॉइड असो वा नसो. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

## ‘महिन्यातून एक इंजेक्शन सोपं नाही का?’

सोपं आहे, म्हणूनच ते इतकं दिलं जातं. गोळी भरवताना ओरबाडे खाणाऱ्या माणसाला एका सुईत काही आठवड्यांची सोय हवीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण मिथाइलप्रेडनिसोलोनचं हे साठ्याचं इंजेक्शन एकदा अंगात गेलं की परत काढता येत नाही. साखर चढली, संसर्ग झाला, हृदयावर ताण आला, तर गोळी दुसऱ्या दिवसापासून कमी करायला घेता येते. इंजेक्शनचा अंमल ओसरेपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय डोस थोडा थोडा उतरवत नेण्याची सोय त्यात राहत नाही.

जुनाट आजारात ठरावीक महिन्यांनी हे इंजेक्शन देत राहणं मला चुकीचं वाटतं. हात लावू न देणाऱ्या, अर्धवट रानटी मांजराला दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे उपचार न करण्यापेक्षा हे बरं. घरातल्या मांजरासाठी मात्र आधी गोळी देण्याचे मार्ग संपवा. प्रेडनिसोलोन अतिशय कडू असतं, म्हणून तोंडाला फेस येतो. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून दिलं तर चव लागत नाही. गोळीमागोमाग सिरिंजने थोडं पाणी द्या, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकत नाही. पातळ औषधही मिळतं. रोजच्या जेवणाच्या वाटीत चुरा मिसळू नका. मांजराने ते जेवणच सोडलं तर नवं संकट. कानाला चोळायच्या जेलबद्दलही लोक विचारतात, पण त्यातून प्रेडनिसोलोन भरवशाने शोषलं जात नाही.

## ‘आता बरं आहे, मग गोळी बंद करू?’

स्वतःच्या मनाने, एका दिवसात, नाही. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत रोज टँकरने पाणी पडू लागलं, तर टाकी भरलेली पाहून खालचा पंप चालूच होत नाही. महिनोन्‌महिने बंद राहिलेला पंप गंजतो. मग एके दिवशी टँकर यायचा थांबला की टाकी कोरडी पडते आणि पंपही लगेच उचलत नाही. बाहेरून स्टेरॉइड येत असताना मेंदू अधिवृक्क ग्रंथींना कामाचा निरोपच धाडत नाही, आणि त्या आक्रसतात. गोळी झटक्यात थांबवली तर मांजर गळून जातं, उलट्या करतं, खात नाही, आणि एखादा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांसारखा ताण आला तर कोसळूही शकतं.

म्हणून डोस उतरवत न्यायचा. लक्षणं पूर्ण काबूत आल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी सुमारे पाव भागाने कमी, मग एक दिवसाआड, अशी साधारण रीत आहे. उतरवताना एका टप्प्यावर लक्षणं परत डोकावतात. त्याच्या जरा वरचा डोस हा त्या मांजराचा कमीत कमी डोस. काही मांजरं पूर्ण सुटतातही. हा शोध घेतल्याशिवाय ‘कायम’ हा शब्द मी तरी स्वीकारणार नाही, आणि तुम्हीही डॉक्टरांना विचारा: आपण सर्वांत कमी डोसपर्यंत पोचलो आहोत का?

दम्याच्या बाबतीत इथे सावध राहावं लागतं. खोकला थांबला म्हणजे श्वासनलिकेतला दाह थांबला असं नसतं. तो आतल्या आत चालू राहू शकतो. म्हणून खोकला थांबताच उतरंड घाईने उतरायची नाही.

## गोळीशिवाय दुसरं काही आहे का

हे आजाराच्या नावावर अवलंबून आहे, आणि निदानाचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

दम्यासाठी फ्लुटिकासोन या हुंगायच्या स्टेरॉइडचं इनहेलर मांजराला मास्क आणि नळी लावून देता येतं. औषध फुफ्फुसातच उतरतं, बाकी अंगात फार थोडं जातं. पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळी चालू ठेवतात. मास्कची सवय लावायला धीर हवा, पण तरुण, दम्याच्या मांजरापुढे दहा-बारा वर्षांचं आयुष्य असताना ही मेहनत घेण्यासारखी आहे. झटक्याच्या वेळी मात्र हे इनहेलर उपयोगी पडत नाही. तेव्हा श्वासनलिका उघडणारं साल्ब्युटामॉल लागतं.

जुनाट उलट्या-जुलाबांत गोळीच्या आधी आहार बदलून पाहणं हे मी अनिवार्य मानतो, मांजराची तब्येत तेवढा धीर धरण्याजोगी असेल तर. मांजराने कधीच न खाल्लेलं प्रथिन, किंवा बारीक तुकडे करून शरीराला ओळखू न येणारं केलेलं प्रथिन असलेला आहार बरीच मांजरं दोन-तीन आठवड्यांत मानवून घेतात आणि उलट्या थांबतात. त्यांना स्टेरॉइड लागतच नाही. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय गोळीचाही नीट उपयोग होत नाही. आणि ‘मांजरं केसांचे गोळे ओकतातच’ म्हणून आठवड्याला दोन-तीन उलट्या अंगवळणी पाडून घेऊ नका. थायरॉइड, मूत्रपिंड, स्वादुपिंड, सगळ्यांचे आजार याच दारातून आत येतात.

आतड्याचा जुनाट दाह आणि तिथलाच हळू वाढणारा लिम्फोमा नावाचा कर्करोग, हे दोन्ही वरून हुबेहूब सारखे दिसतात. खात्री करायची तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तो स्टेरॉइड सुरू करण्याआधी, कारण स्टेरॉइड कर्करोगाच्या पेशीही तात्पुरत्या मारतं आणि चित्र पुसून टाकतं. लिम्फोमा निघाला तरी हात गाळायचे नाहीत. या हळू वाढणाऱ्या प्रकारात प्रेडनिसोलोनच्या जोडीला क्लोराम्ब्युसिल हे कर्करोगावरचं औषध दिल्यावर अनेक मांजरं दीड-दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, आणि चांगली जगतात.

हिरड्या आणि घसा सुजण्याच्या जुनाट आजारात बहुतेक दात काढून टाकणं हा पहिला खरा उपचार. ऐकायला निर्दयी वाटतं, पण त्यानंतर बहुसंख्य मांजरांचं दुखणं पूर्ण थांबतं किंवा खूप कमी होतं. वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर ढकलत नेण्यापेक्षा हे कितीतरी दयाळू. त्वचेच्या ऍलर्जीत पिसवांचा कडक बंदोबस्त आणि आहार पाहून झाला की सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं, पण स्टेरॉइड नसलेलं औषध हा पर्याय असतो.

## ‘पण ते पंधरा वर्षांचं आहे’

वयाने तराजूची पारडी बदलतात, हे उघड बोललं पाहिजे. तीन वर्षांच्या मांजराला आज वाचवलेला प्रत्येक मिलिग्रॅम पुढच्या दशकभर कामी येतो. तिथे तपासण्या, इनहेलर, आहाराचे प्रयोग, सगळं करून पाहावं. पंधरा वर्षांच्या, हाडं वर आलेल्या मांजराला भूल देऊन आतड्याचा तुकडा काढणं हेच कदाचित गोळीपेक्षा मोठं संकट असेल. रक्त आणि सोनोग्राफी पाहून, निदान अर्धवट आहे हे माहीत असूनही प्रेडनिसोलोन सुरू करणं हा तिथे शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तीन वर्षांनंतर होणाऱ्या मधुमेहाच्या भीतीने आज उपाशी असलेल्या म्हाताऱ्या मांजराला औषध नाकारू नये.

एक पारडं आपण नेहमी विसरतो. न दाबलेल्या दाहालाही दुष्परिणाम असतात. दम्यात श्वासनलिका कायमच्या कठीण होत जातात, आणि झटक्यात मांजर दगावू शकतं. आतड्याच्या दाहात ते वजन गमावत राहतं. चार-पाच दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून यकृत निकामी होऊ शकतं. स्टेरॉइडची तुलना निरोगी मांजराशी करायची नसते. ती करायची असते याच मांजराशी, औषधाविना.

## घरी ठेवायची वही

आठवड्यातून एकदा वजन, शक्य असेल तर लहान बाळांच्या काट्यावर. त्याच दिवशी पाणी, भूक, उलट्या, खोकला, झोपेतला श्वास. गोळी चुकली तर तेही लिहा. चुकलेल्या गोळीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. सुरुवातीला महिन्याभरात आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासली जावी. लस, दातांची सफाई, कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, किंवा नवे डॉक्टर पाहणार असतील, तर स्टेरॉइड चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पुढच्या गोष्टींत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका: तोंड उघडून श्वास, काळी डांबरासारखी शी, उलटीत रक्त, दिवसभर अन्न न शिवणं, चालताना मागचे पाय लटपटणं, पाणी पिण्यात अचानक वाढ आणि त्याबरोबर उतरत जाणारं वजन. फोन करताना गोळीचं पाकीट हातात ठेवा, डोस मिलिग्रॅममध्ये सांगा आणि शेवटची गोळी किती वाजता दिली तेही.